दुखण्याचे सोंग आणि सोंगाचे दुखणे

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा निकालांविषयी, स्नेहसंमेलनांविषयी आणि मैदानावर मिळवलेल्या ढालींविषयी लिहिणारे पुष्कळ असतील, हे आम्ही जाणून होतो. आम्ही इतिहासाचे शिक्षक. परंतु निवासी शाळेतील शिक्षकाला आपल्या विषयापुरते राहता येत नाही. शेवटची घंटा झाली की वर्ग सुटतो. मुले मात्र आवारातच असतात. जुना जालन्यातील या आवारात आमची जितकी वर्षे फळ्यासमोर गेली, तितक्याच रात्री वसतिगृहातील आजारी खोलीत गेल्या. म्हणून त्या खोलीविषयी लिहावे असे ठरवले. आणि त्यातही अशा एका प्रश्नाविषयी, ज्याची चर्चा शिक्षकांच्या खोलीत चहासोबत हसत होते, पण कागदावर सहसा कोणी करीत नाही. दुखत नसताना दुखते असे सांगणाऱ्या, किंवा थोडे दुखत असता फार दुखते असे भासवणाऱ्या मुलाचे काय करावे?

हा परिच्छेद वाचताना आपल्यापैकी काही माजी विद्यार्थ्यांना हसू आले असेल, याची आम्हाला खात्री आहे. काखेत कांदा धरून ताप आणण्याचा प्रयोग आपल्या आवारात किती पिढ्यांनी केला, याची मोजदाद नाही. ताप काही येत नसे. कांद्याचा वास तेवढा येत असे. थर्मामीटर गरम चहात बुडवणारे होते. गणिताच्या चाचणीच्या दिवशी उजव्या पायाने लंगडत आलेला मुलगा जेवणाच्या घंटेला डाव्या पायाने लंगडू लागे. श्रमदानाच्या सकाळी पाठ दुखे आणि दुपारच्या कबड्डीपर्यंत ती आपोआप बरी होई. ही सोंगे ओळखायला वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही. मुलाशी त्याच्या गावाविषयी, म्हशीविषयी, धाकट्या बहिणीविषयी बोलत राहावे आणि बोलता बोलता पोटावर हात ठेवावा. लक्ष दुसरीकडे गेल्यावर दुखणारी जागा विसरली जाते, किंवा ती बेंबीपासून बरगडीपर्यंत फिरू लागते.

परंतु ओळखण्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. पोट दुखते म्हणणाऱ्या मुलाला आम्ही जागेवर एक उडी मारायला सांगतो. ज्याच्या पोटात खरोखर आतून सूज आहे, तो उडी मारीत नाही. मारलीच तर पोट धरून वाकतो. झोपेतून जागे करणारे दुखणे, बेंबीपासून दूर उजवीकडे खाली स्थिरावलेले दुखणे, सोबत ताप किंवा उलटी, घटत चाललेले वजन, यांतले एकही लक्षण दिसले की सोंगाचा विचार मनातून काढून टाकावा आणि रिक्षा बोलवावी.

या दोन टोकांच्या मध्ये मुलांचा एक मोठा समूह उभा असतो. डॉ. जॉन ॲपली आणि त्यांच्या सहकाऱ्याने इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १,००० शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा मुलांमागे सुमारे एका मुलाचे पोट वारंवार दुखत होते, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या शरीरात कोणताही रोग सापडला नाही. येथे घाई करून ‘म्हणजे सोंगच’ असे म्हणणे चूक आहे. रोग सापडला नाही याचा अर्थ दुखत नव्हते असा होत नाही. भीती, घराची ओढ, वर्गातील अपमान, अंथरुण ओले होण्याची लाज, यांनी पोट खरोखर आवळते. मूल खोटे बोलत नसते. आपल्याला जे होते आहे त्याला त्याच्याजवळ ‘पोट दुखते’ हा एकच शब्द असतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला जुन्या वह्या चाळण्याची खोड असते. काही वर्षांपूर्वी आजारी खोलीची नोंदवही आम्ही एखादे दफ्तर वाचावे तशी वाचावयास घेतली. सहावीतील एका मुलाचे नाव दर रविवारी रात्री येत होते. तक्रार पोटदुखीची, उपचार ओआरएसचे पाणी, सोमवारी सकाळी बरा. दिवाळीपूर्वी त्याची एकही नोंद नव्हती आणि दिवाळीनंतर एकही रविवार सुटला नव्हता. काही जण त्याला ‘रविवारचा पेशंट’ म्हणू लागले होते. खोली सांभाळणाऱ्या मावशींना विचारले, तेव्हा त्यांनी हातातली चादर घडी करीत सांगितले, “सर, त्याचं पोट न्हाई दुखत. त्याला आईचा आवाज ऐकायचा असतोय.”

उलगडा साधा होता. त्याचे आईवडील मराठवाड्यातील हजारो कुटुंबांप्रमाणे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेले होते. पालकांशी फोनवर बोलण्याची वेळ रविवारी दुपारी चार ते पाच, आणि फोन कार्यालयात. त्या वेळी त्याची आई फडात असे. गाडी भरून कोपीवर परतायला रात्रीचे नऊ वाजत. तोवर कार्यालयाला कुलूप लागलेले असे. उघडी राही ती फक्त आजारी खोली, आणि मोबाईल असे तो फक्त मावशींजवळ. आजारी मुलाच्या आईला त्या रात्री फोन लावून देत. मुलाने हे एकदा पाहिले होते. पुढील बैठकीत आम्ही हा विषय मांडला, आणि ऊसतोडीला गेलेल्या पालकांच्या मुलांसाठी रात्री नऊनंतरची वेळ राखून ठेवण्यात आली. त्या मुलाच्या पोटदुखीला औषध द्यावे लागले नाही.

त्याच हंगामात आठवीतील एक मुलगी कबड्डी खेळताना पडली. तिने कोणालाही काही सांगितले नाही. दोन दिवस ती उजवा हात ओढणीखाली धरून वावरत होती. रात्रीच्या जेवणाला ती डाव्या हाताने भात खाते, हे पाळीवरच्या मॅडमच्या नजरेस आले. मनगट सुजून टणक झाले होते. क्ष-किरण तपासणीत हाडाला चीर निघाली. प्लास्टर घालून परत येताना आम्ही तिला विचारले, बाळा, सांगितले का नाहीस? तिने रस्त्याकडे पाहत उत्तर दिले, “आईला बोलावलं असतं तुम्ही, सर. तिचा खाडा पडला असता.”

खाडा हा शब्द शहरातील वाचकांसाठी उलगडून सांगितला पाहिजे. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकले तर मजुरी तर बुडतेच, वर दंडही बसतो, तो खाडा. या खाड्याचे भय शरीरात किती खोल जाते, हे शेजारच्या बीड जिल्ह्याने २०१९ साली महाराष्ट्राला दाखवले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. कारणे अनेक होती. परंतु दुखण्यासाठी विश्रांतीचा दिवसच नसणे हे त्यांतले एक होते. ज्या घरात आजारी पडण्याची परवानगी नाही, त्या घरातील मुलगी मोडलेले मनगट ओढणीखाली लपवते, यात नवल नाही.

तो मुलगा आणि ही मुलगी आम्हाला एकाच धड्याची दोन पाने वाटतात. ज्या गरजेला सरळ दार नसते, ती दुखण्याच्या खिडकीतून आत शिरते. आणि जेथे ही खिडकीही बंद असते, तेथे खरे दुखणेच लपून बसते. सोंग करणाऱ्याकडे पाहताना प्रथम विचारावयाचा प्रश्न ‘हा खोटे बोलतो का’ हा नसून ‘याला जे हवे आहे, ते आजारी न पडता मिळू शकते का’ हा आहे.

हा विचार आमच्या पदरचा नाही. इतिहासात त्याचे मोठे दाखले आहेत. सर्वांत जुना दाखला विनयपिटकातील महावग्गात आहे. मगधात कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि अपस्मार हे पाच रोग पसरले होते. लोक जीवकाकडे जात. जीवक त्यांना सांगे की, राजा बिंबिसार, त्याचा राणीवसा आणि भिक्खू संघ यांच्या सेवेतून आपल्याला सवड नाही. मग लोकांनी वाट काढली. ते संघात प्रवेश करीत, जीवकाकडून बरे होत, आणि चीवर उतरवून घरी परतत. असाच एक बरा झालेला मनुष्य जीवकाला दिसला आणि त्याने ही गोष्ट तथागतांच्या कानावर घातली. या पाच रोगांनी पीडित माणसाला यापुढे प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. येथे रोग खरे होते आणि वैराग्य खोटे होते. परंतु इतिहासाच्या नजरेने पाहिले तर कारण स्पष्ट दिसते: राज्यातील उत्तम वैद्याकडे जाण्याचा सामान्य माणसाचा रस्ता फक्त चीवरातून जात होता.

आधुनिक कायद्यांनीही अशा खिडक्या उघडून ठेवल्या आहेत. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३२० प्रमाणे ज्या दुखापतीमुळे माणूस वीस दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा त्याला नित्याची कामे करता येत नाहीत, ती जबर दुखापत मानली जाई. भारतीय न्याय संहितेने कलम ११६ मध्ये ही मुदत पंधरा दिवसांवर आणली. मुदत ठरली की, बरा झालेला माणूसही तेवढे दिवस खाट सोडत नाही, हा अनुभव न्यायवैद्यकाला जुना आहे. डॉ. जयसिंग मोदी यांचा १९२० साली प्रथम प्रसिद्ध झालेला न्यायवैद्यकाचा ग्रंथ आजही डॉक्टर आणि वकील उघडतात. बिब्ब्याचा रस लावून उठवलेला खोटा वळ आणि मारहाणीचा खरा वळ यांतील फरक ही या शास्त्रातील खास आपल्या देशातील शिकवण. खऱ्या वळाचा रंग दिवसांबरोबर लाल, निळा, हिरवट, पिवळा असा बदलत जातो. बिब्ब्याचा डाग काळपट तपकिरी असतो, त्याच्या कडेला बारीक फोड येतात, त्याला खाज सुटते, आणि खाजवणाऱ्या बोटांवरही तसेच डाग उठतात. आपल्या वस्तीतील जखमी माणूस ठाण्यात गेला असता त्याला ‘सोंग करतोस’ असे ऐकावे लागल्याची उदाहरणे आपल्या समाजाला नवीन नाहीत. म्हणूनच ही परीक्षा आम्हाला मोलाची वाटते. जो शास्त्र खोटा वळ ओळखू शकतो, तोच खरा वळ खरा असल्याचेही ठामपणे लिहून देऊ शकतो. शास्त्र नसेल तेथे निकाल जातीवर आणि अंगावरच्या कपड्यांवर लागतो.

संशय आणि तपासणी यांतील अंतर पाहण्यासाठी पहिल्या महायुद्धाकडे जावे लागते. जालन्याला एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तेव्हा पलटणीतल्या इस्पितळाच्या गोष्टी या गावाला परक्या नाहीत. काम चुकवण्यासाठी शिपाई आजाराचे ढोंग करतात, ही शंका सर्वच सैन्यांत वागवली जाई. १९१४ च्या अखेरीस फ्रान्समधील खंदकांतून हिंदी शिपाई जखमी होऊन येऊ लागले. त्यांत हाताला गोळी लागलेल्यांचे प्रमाण मोठे दिसले, आणि घरी परतण्यासाठी हे स्वतःच स्वतःला जखमी करून घेतात असा बोलबाला झाला. विलायतेतील ब्रायटन येथे हिंदी जखमींसाठी किचनर इस्पितळ होते. त्याचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी १,००० जखमांची एकेक करून छाननी केली आणि १९१५ साली अहवाल दिला. सरसकट आत्मघाताच्या आरोपाला या जखमांत आधार मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. सीटन हे काही शिपायांचे कैवारी नव्हते; इस्पितळातील त्यांची शिस्त कडक होती. परंतु त्यांनी जखमा मोजल्या. हजार माणसांची अब्रू मोजणीने वाचली. विद्यार्थ्यांना इतिहास शिकवताना आम्ही हे उदाहरण आवर्जून सांगतो. पुरावा म्हणजे काय, हे त्यातून लवकर समजते.

खोटेपणाची शक्यता गृहीत धरूनही माणसाचा मान राखणारी व्यवस्था उभारता येते, याचाही दाखला आपल्या देशात आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. याच काळात, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा घडला. पगारी रजा मिळते म्हटल्यावर काही जण आजाराचे ढोंग करतील, ही भीती अशा प्रत्येक योजनेच्या वेळी व्यक्त होते. कायद्याने तिचे उत्तर अपमानाने दिले नाही. आजारपणाचे पहिले दोन दिवस सर्वसाधारणपणे भत्त्यातून वगळले; भत्ता पूर्ण पगाराइतका ठेवला नाही, आज तो सत्तर टक्के आहे आणि वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो; प्रमाणपत्र देणारा डॉक्टर मालकाचा नोकर नसून विम्याचा ठेवला. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत भट्टीजवळ उभा राहणारा कामगार भाजला, तर त्याला मालकाच्या दयेवर राहावे लागू नये, यासाठी केलेली ही रचना आहे.

येथे आमच्या स्वतःच्या पेशाविषयी बोलणे टाळता येणार नाही. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रात शिक्षकांच्या बदल्यांतील सवलतीसाठी दिलेल्या दिव्यांग प्रमाणपत्रांची फेरतपासणी करण्याची वेळ आली. ज्या हातांनी मुलांना सत्य बोलण्याचे धडे दिले, त्यांतील काही हातांनी खोटी प्रमाणपत्रे दिल्याचे उघड होणे, ही लाजेची गोष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ मध्ये अशा फसवणुकीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे, आणि ती योग्यच आहे. सहावीच्या मुलाच्या सोंगात आणि या सोंगात मोठा फरक आहे. मुलाच्या पोटदुखीने कोणाचे काही हिरावले नाही. खोट्या प्रमाणपत्राने मात्र खरोखर अपंग असलेल्या सहकाऱ्याची जागा गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्या खऱ्या कुबड्यांकडेही लोक संशयाने पाहू लागले. खोट्याचा दंड नेहमी खऱ्याला भरावा लागतो. म्हणून खोटे शोधणे हे खऱ्याच्या रक्षणासाठी असावे.

महावग्गातच पुढे चीवरविषयक प्रकरणात एक प्रसंग येतो. अतिसाराने पीडित एक भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला होता आणि कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन खाटेवर निजवले. त्यानंतर त्यांनी संघाला रुग्णाची आणि शुश्रूषा करणाऱ्याची लक्षणे सांगितली. ज्याची शुश्रूषा करणे कठीण जाते अशा रुग्णाच्या पाच लक्षणांत एक असे आहे की, दुखणे वाढते आहे, कमी होते आहे की तसेच आहे, हे तो खरे सांगत नाही. म्हणजे वाढवून सांगणारा आणि लपवणारा, दोघेही त्यात आले. परंतु शुश्रूषा करणाऱ्याच्या बाजूलाही तितकीच लक्षणे आहेत: औषध तयार करण्याची जाण, पथ्यापथ्याचे ज्ञान, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने केलेली सेवा, मलमूत्राची किळस न बाळगणे, आणि रुग्णाला धीर देणारे चार शब्द. खरे सांगण्याची जबाबदारी रुग्णावर टाकली, ती हितचिंतक शुश्रूषकाजवळ सांगण्याची. समोरचा हितचिंतक आहे, याची खात्री रुग्णाला आधी पटावी लागते.

आपल्या आजारी खोलीत आम्ही आता काही गोष्टी नेमाने पाळतो, त्या पालकांसाठी येथे लिहून ठेवतो. तक्रार कितीही वेळा आलेली असो, तपासणी प्रत्येक वेळी पूर्ण होते. शंका घ्यायचीच असेल तर तपासणीनंतर. मुलाला चारचौघांत ‘सोंगाड्या’ म्हणण्याची सक्त मनाई आहे. त्याने सोंग केले हे कळले, तर ते त्याच्याकडून कबूल करून घेत बसण्यापेक्षा त्याला सन्मानाने उठण्याची वाट ठेवतो: संध्याकाळपर्यंत बरे वाटेल, मग मैदानावर ये. आजारी खोलीत कंटाळा यावा इतकी शांतता आणि साधे जेवण असते. गंमत तेथे नसते. आणि महिन्याच्या शेवटी नोंदवही वाचली जाते. एकच नाव पुन्हा पुन्हा आले, तर त्या मुलाच्या वर्गाची, खोलीची आणि घराची विचारपूस होते. ज्यांचे नाव वर्षभरात एकदाही आले नाही, त्यांचीही यादी निघते. कारण त्या मनगटाने आम्हाला शिकवले की, कधीच न दुखणारे मूलही पाहून घ्यावे लागते.

पालकांना विनंती इतकीच की, सुट्टीत घरी आलेले मूल दुखते म्हणाले, तर पहिला शब्द ‘नाटक करू नकोस’ हा नसावा. आणि माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यापैकी कोणी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे, कोणी परिचारिका, कोणी ठाणे अंमलदार, कोणी आमच्यासारखे शिक्षक. आपल्या टेबलासमोर उद्या एखादी ऊसतोड मजूर बाई कंबर धरून उभी राहील, एखादा पोरगा लंगडत येईल. तो लंगडण्याचे पाय बदलतो का, ते अवश्य पाहा. ते पाहण्याचे डोळे याच आवाराने आपल्याला दिले आहेत. पण पाहण्याआधी त्याला बसायला खुर्ची द्या आणि काय होते ते विचारा.